धरणाच्या विसर्गाचे आकडे कसे वाचावेत

पावसाळ्यात धरणांचे आकडे हाती आले की बहुतेकांची नजर प्रथम ‘किती टक्के भरले’ यावर जाते. पुराचा अंदाज घ्यायचा असेल, तर आपले घर किंवा शेत कोणत्या नदीच्या काठी आहे, हे आधी पाहावे. कोल्हापूर शहराला पंचगंगेचा पूर येतो, आणि तिच्यात भोगावतीवरील राधानगरी धरणाबरोबरच तुळशी, कुंभी व कासारीचेही पाणी येते. काळम्मावाडी धरणाचे पाणी दूधगंगेने कागलकडे जाते, त्यामुळे तिथला विसर्ग वाढला म्हणून कोल्हापुरातल्या सुतारवाड्यातील सामान हलवण्याचे कारण नाही. कृष्णाकाठच्या शिरोळकरांनी मात्र कृष्णेत पाणी सोडणारी कोयना आणि वारणा ही दोन्ही धरणे पाहिलीच पाहिजेत.

कोयना हे सुमारे १०३ मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण स्वतःच्या वजनावर पाण्याचा दाब पेलते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात भेगा पडूनही ते उभे राहिले. त्यामुळे ‘धरण फुटले’ असा संदेश आला, तर तो पुढे पाठवण्याआधी विसर्गाचा अधिकृत आकडा पाहावा. त्या आकड्यातही पायथा विद्युतगृह आणि सांडव्याचे, म्हणजे जादा पाणी सोडण्याच्या वाटेचे, वक्राकार दरवाजे यांची नोंद वेगळी असते. विद्युतगृहातून नदीत येणारे सुमारे २,१०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी पुराच्या हिशेबात किरकोळ आहे, आणि पोफळीकडील मोठ्या वीजनिर्मितीचे पाणी तर सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीत उतरते. कृष्णाकाठाला काळजी असावी ती सांडव्याची.

टक्केवारीचा खरा उपयोग धरणात जागा किती उरली हे कळण्यापुरता आहे. एक टीएमसी (एक अब्ज घनफूट) म्हणजे २४ तास सलग वाहणारे सुमारे ११,५७४ क्युसेक पाणी. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. साठा ८५ टीएमसी असताना आवक एक लाख क्युसेक राहिली, तर दिवसाला सुमारे ८.६ टीएमसी भर पडते आणि विसर्ग न केल्यास उरलेली जागा सव्वादोन-अडीच दिवसांत संपते. विजेसाठी धरण भरलेले हवे आणि पुरासाठी त्यात जागा हवी, म्हणूनच कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याची परिचलन सूची असते. धरण पूर्ण भरण्याआधीच बेताचा विसर्ग सुरू झाला, तर माझ्या मते ती घाबरण्यापेक्षा दिलासा देणारी बातमी मानावी.

राधानगरीचे तसे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या या दगडी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पातळी वाढली की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. एका दरवाजातून सुमारे १,४२८ क्युसेक पाणी येते, म्हणजे सातही उघडले तर दहा हजारांच्या आसपास.

कोल्हापूरकरांनी शेवटचा निर्णय पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवरून घ्यावा. तेथे ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका मानतात. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांपुढे गेले होते. पातळी ३९ कडे सरकत असताना राधानगरीचे दरवाजे उघडे असतील आणि गगनबावड्याकडे पाऊस चालू असेल, तर जनावरे, कागदपत्रे व वाहने तेव्हाच हलवावीत. कृष्णा फुगलेली असल्यास दोन्ही नद्यांच्या संगमावर, नृसिंहवाडीला, पंचगंगेचे पाणी लवकर पुढे सरकत नाही. म्हणून पाऊस थांबला तरी बंधाऱ्याची पातळी सलग उतरू लागल्याशिवाय काठावरच्या घरात परतू नये.