शेअर घ्यायच्या आधी बघायच्या गोष्टी

डीमॅट, पॅन, नॉमिनी झालंय असं धरतो. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे आणि हे पैसे पाचेक वर्षं लागणार नाहीत, हेही धरतो. तसं नसेल तर पुढचं वाचू नका. टेलिग्रामवरच्या टिपेवर घेणार असाल तरीही नका.

कंपनी काय विकते आणि कोणाला, हे घरच्यांना दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. मग एक्स्चेंजच्या (एनएसई किंवा बीएसई) साइटवरून वार्षिक अहवाल उतरवून घ्या. अध्यक्षांचं रंगीत निवेदन सोडा, सरळ ऑडिटरच्या अहवालावर जा. मुदत संपायच्या आधीच ऑडिटर राजीनामा देऊन गेला असेल तर तिथेच थांबा. नफ्याशेजारी कामकाजातून आलेली रोकड मांडा, पाच वर्षांची. नफा दरवर्षी वाढतोय आणि रोकड येत नाही, म्हणजे माल उधारीवर जातोय, गोदामात पडून आहे, किंवा नफा नुसता कागदावर आहे. कर्ज बघा. पी/ई (भाव एका शेअरमागच्या नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) त्याच धंद्यातल्या कंपन्यांशी ताडून बघा. एवढं बरेच जण करतात. मीही केलं होतं.

जे केलं नव्हतं ते आता. प्रमोटरने, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकाने, कर्जासाठी स्वतःचे शेअर गहाण ठेवलेत का, ते बघा. तिमाही संपल्यावर 21 दिवसांत कंपनीला शेअरहोल्डिंग पॅटर्न (कोणाकडे किती शेअर आहेत त्याचा तक्ता) एक्स्चेंजकडे द्यावा लागतो. त्यात प्रमोटरचा भरभक्कम हिस्सा दिसला की आपण खूश, मालकाचा जीव धंद्यात आहे म्हणून. मी तिथेच पान बंद केलं. त्याच तक्त्यात उजवीकडे सरकत गेलं की गहाणाचा रकाना येतो. उजवीकडे सरका. मोबाइलवर कंटाळा येतो, कॉम्प्युटर लावा, पण तो रकाना बघा. आणि तिथला टक्का कशाचा आहे तेही वाचा: प्रमोटरच्या हिश्श्याचा की सगळ्या कंपनीचा. 50 टक्के मालकीतले 60 टक्के गहाण, म्हणजे कंपनीचे 30 टक्के शेअर सावकाराच्या ताब्यात.

एवढा आरडाओरडा कशाला? भाव पडला की तारण अपुरं पडतं. सावकार आणखी शेअर नाहीतर रोख मागतो. प्रमोटरकडे ते नसलं की सावकार बाजारात विकत सुटतो आणि भाव आणखी घसरतो. मग सकाळी बाजार उघडला की लोअर सर्किट, म्हणजे भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला अडकलेला आणि घेणारं कोणी नाही, आणि आपली विकायची ऑर्डर रांगेत पडून. कारखाना तेव्हाही सुरळीत चालू असू शकतो, हे सगळ्यात चीड आणणारं. सत्यम या आयटी कंपनीत तिचे प्रमोटर रामलिंग राजू यांचे गहाण शेअर सावकारांनी विकले, त्यानंतर 2009 मध्ये सेबीने (शेअर बाजाराची नियामक संस्था) गहाणाची माहिती जाहीर करणं सक्तीचं केलं. त्याआधीच्या लोकांना निदान ‘कळायला मार्गच नव्हता’ असं म्हणता यायचं. आपल्याला ती सोय नाही.

गहाण दिसलं म्हणजे कंपनी वाईटच, असं नाही. प्रकल्पाला कर्ज देताना बँकाही ते मागतात. प्रमोटरने आपल्या भलत्याच धंद्यासाठी पैसे उचलले असतील तर मात्र लांब राहा. प्रमोटरच्या हिश्श्याचे निम्मे किंवा कंपनीचे 20 टक्के शेअर अडकले की कारण जाहीर करावं लागतं, 2019 पासून. तो कागद शोधा. आणि एकच तिमाही बघून गप्प बसू नका, मागच्या आठ काढा. आकडा चढत असेल तर घेऊ नका. निकाल कितीही झकास असोत, घेऊ नका.

रोज किती शेअरची उलाढाल होते ते बघा. शेअर एएसएमच्या यादीत (एक्स्चेंजने जादा देखरेखीखाली ठेवलेले शेअर) तर नाही ना, तेही. एकाच कंपनीत सगळं ओतू नका, तुकड्यातुकड्याने घ्या. लिमिट ऑर्डर टाका, म्हणजे आपण ठरवलेल्या भावापेक्षा जास्त मोजावं लागत नाही.

घेतल्यावर दर तिमाहीला निकाल, आणि निकालाआधी तोच गहाणाचा रकाना. का घेतला ते वहीत लिहून ठेवा, कारण उरलं नाही की विका. बारा महिन्यांच्या आत विकला तर नफ्यावर 20 टक्के कर, नंतर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा. वर सेस. हिशेबाचा रिपोर्ट ब्रोकरकडे मिळतो.