स्टीलच्या सिंकमध्ये 35 मिमीचं भोक: होल सॉ फिरतो, धूर निघतो, पण कापत नाही

सिंकचा पत्रा जेमतेम 1 मिमी. नळासाठी 35 मिमीचं भोक हवं होतं. आधी लाकडासाठीच्या किटमधला होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडणारा दातेरी कटर, लावला. अर्ध्या मिनिटात दाते सपाट. मग बायमेटल (कडक पोलादी दात्यांचा, धातू कापणारा) कटर आणला, पण ड्रिल तेच, पूर्ण वेगात. वास, धूर आणि पत्र्यावर निळं चकचकीत कडं. बायकोसमोर फजिती झाली ती वेगळीच.

चूक वेगाची होती. स्टेनलेस न कापता नुसतं घासलं गेलं की आणखी कडक होतं; मग दाते नुसते घसरतात.

शेवटी जमलं ते असं. दोन गिअरचं ड्रिल घेतलं, गिअर 1 वर (कमी वेग), हॅमर बंद. आधीच्या दोन प्रयत्नांत पायलटचं (कटरच्या मधल्या बारीक ड्रिल बिटचं) भोक सैल झालं होतं, म्हणून खालून लाकडाची फळी क्लॅम्पने घट्ट आवळली. पायलटला तिचा आधार मिळाला. निळ्या कड्यावर बायमेटल चालेना, म्हणून टीसीटी (कार्बाइडच्या दात्यांचा) कटर. कटिंग ऑइलचे चार थेंब. मिनिटाला साधारण दीडशे फेरे, दाब हलका पण सलग, ड्रिल अगदी सरळ. कलंडलं तर टीसीटीचा दाता तुटतोच. दहा सेकंद कापायचं, थांबून तेल. बारीक कुरळा कीस निघू लागला की समजा कापतंय. भुकटी आली तर वेग जास्त आहे.

चकती निघाल्यावर कडा गोल कानशीने घासली. चकती हाताने काढू नका, भाजते.

प्लायला मात्र लाकडाचाच कटर: पायलटचं टोक पलीकडे दिसलं की थांबून उरलेलं उलट बाजूने कापायचं, म्हणजे कपच्या उडत नाहीत.