टाळेबंदीतल्या वर्दळीचे आकडे कसे वाचावेत

महासाथीत कोण किती फिरले याचा अभ्यास करायला घेतला, तर टक्केवारी पाहण्याआधी ती कशाच्या तुलनेत काढली आहे ते पाहावे. फोनच्या ठिकाणावरून लोकांची वर्दळ किती घटली किंवा वाढली ते दाखवणाऱ्या गुगलच्या कम्युनिटी मोबिलिटी अहवालांसाठी ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० या पाच आठवड्यांतील त्या त्या वाराचे मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे) मूल्य आधार धरले होते, आणि ज्यांनी फोनमधील लोकेशन हिस्टरी सुरू ठेवली होती त्यांचीच माहिती त्यात येत होती. ज्या घरातला एकुलता एक स्मार्टफोन मुलाच्या ऑनलाइन वर्गासाठी घरीच राहिला, तिथला कमावता माणूस कामासाठी नाक्यावर जाऊन उभा राहिला तरी त्याची ही फेरी आकड्यांत येत नाही. शिवाय निवासी भागांचा आकडा घरी घालवलेला वेळ मोजतो आणि दुकाने, स्थानके अशा बाकीच्या ठिकाणांचे आकडे तिथल्या भेटी मोजतात, त्यामुळे ते एकाच आलेखात बसवू नयेत.

त्यानंतर सरासरी फोडावी, कारण विषमता तिच्यातच झाकली जाते. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या आर उत्तर, एम पश्चिम आणि एफ उत्तर या तीन वॉर्डांतील सर्वेक्षणात झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के, तर इमारतींतील सुमारे १६ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, आढळली. दाट वस्ती, सामायिक शौचालय आणि पाण्याची सामायिक ठिकाणे विचारात घेतल्याशिवाय ही तफावत समजणार नाही. हंडा घेऊन नळावर रांगेत उभे राहणे ही बाहेर पडण्याचीच एक फेरी आहे, पण स्थानके आणि दुकाने मोजणाऱ्या तक्त्यात तिला रकाना नाही. म्हणून वस्तीत जाऊन नळ आणि शौचालय घरापासून किती अंतरावर आहे, ते स्वतः चालून पाहावे.

प्रवासाच्या आकड्यांशेजारी सरकारी आदेशांच्या तारखा लिहिणे अत्यावश्यक आहे. मार्च २०२० मध्ये बंद झालेली लोकल १५ जूनपासून केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सर्वांसाठी सुरू झाली. मधल्या काळात नालासोपाऱ्याहून दादरच्या दुकानात कामाला येणाऱ्याला पगार टिकवायचा तर बस बदलत, रस्त्याने यावे लागे. त्यामुळे स्थानकांवरील घट म्हणजे लोक घरी थांबले, असा अर्थ काढणे मला अन्यायाचे वाटते.

मुलाखत घेताना ‘घराबाहेर का पडलात?’ असे विचारू नये, त्यात आरोप असतो. मजुरी रोजची की महिन्याची, काम बंद असताना पैसे मिळाले का आणि घरात किती दिवसांचे धान्य होते, हे विचारावे आणि उत्तरे त्या आठवड्याच्या वर्दळीच्या आकड्यासमोर नोंदवावीत.