घरी बर्न केलेली डीव्हीडी अडकत असेल तर

डिस्क अडकली की लगेच दुसरी कोरी डिस्क काढू नका, तोच दोष पुन्हा बर्न होण्याची शक्यता जास्त. आधी चित्र नेमकं कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला अडकतं ते लिहून ठेवा आणि डिस्क पुन्हा लावून बघा. दर वेळी तीच जागा आली तर दोष डिस्कवर किंवा फाइलमध्ये आहे. जागा बदलत राहिली तर प्लेअरची लेन्स मळली असेल, नाहीतर बर्नच कमजोर झाला असेल.

मग डिस्क कॉम्प्युटरमध्ये घालून 'व्हिडिओ टीएस' (VIDEO_TS, ज्यात चित्रपटाच्या फाइल असतात तो) फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा. कॉपी एका टप्प्यावर रेंगाळते, ड्राइव्ह घरघरतो, शेवटी एरर येतो: डिस्क खराब. कॉपी सुरळीत झाली, पण कॉपी केलेल्या फाइलमध्येही त्याच सेकंदाला चौकोन पडतात: गडबड एन्कोडिंगची, म्हणजे व्हिडिओ डीव्हीडीच्या साच्यात बदलतानाची, डिस्क लिहिणारा बर्नर बिचारा निर्दोष. फाइल स्वच्छ चालते आणि अडतं फक्त टीव्हीच्या प्लेअरवर: मग बिटरेट (दर सेकंदाला वाचावा लागणारा डेटा) किंवा डिस्कचा प्रकार त्याला झेपत नाहीये.

सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार म्हणजे शेवटची दहा-पंधरा मिनिटं अडकणं. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे भरलेल्या डिस्कवर शेवट अगदी कडेला येतो. तिथेच डायचा, म्हणजे लेझर ज्यावर लिहितो त्या रंगद्रव्याचा, थर असमान असू शकतो, बोटांचे ठसे पडतात आणि डिस्क किंचित वाकडी असली तरी डगमग तिथेच जास्त होते. पाकिटावरचे ४.७ जीबी विंडोजमध्ये ४.३७ दिसतात, त्यातले ४.२ च्या आसपासच भरा. कागदी लेबल चिकटवू नका, त्याने तोल जातो आणि डिस्क गरम झाली की कड सुटते. १६ एक्स (म्हणजे मूळ वेगाच्या सोळा पट) वेगाची डिस्क ८ एक्सवर लिहा. सगळ्यात कमी वेग म्हणजे सगळ्यात चांगला बर्न, ही समजूत आजच्या डिस्कना लागू नाही, त्यांची डाय जास्त वेगासाठी बनवलेली असते. बर्न करताना 'व्हेरिफाय' (लिहिलेलं पुन्हा वाचून तपासणं) चालू ठेवा आणि डिस्क फायनलाइझ करा, म्हणजे लेखन पूर्ण करून ती बंद करा. फायनलाइझ न केलेली डिस्क बरेच प्लेअर ओळखतच नाहीत.

बिटरेटचा घोळ लहान चित्रीकरणात जास्त होतो, हे ऐकायला उलटं वाटेल. तासाभराचाच व्हिडिओ असला की जागा उरते, म्हणून लोक बिटरेट कमालीवर नेतात. डीव्हीडीच्या नियमात चित्राला ९.८ आणि सगळं मिळून १०.०८ मेगाबिट प्रति सेकंद चालतात खरे, पण बर्न केलेल्या डिस्कवर प्लेअरला एखादी जागा पुन्हा वाचावी लागली की त्याचा बफर (पुढचा डेटा आधीच वाचून ठेवायची जागा) रिकामा होतो. म्हणून पाणी, गर्दी, उडणारी फुलं अशा दृश्यांतच चित्र गोठतं. चित्राची कमाल ८ वर बांधा. आवाज पीसीएम, म्हणजे न दाबलेला, असेल तर एकटाच १.५ मेगाबिट खातो. तो एसी३ मध्ये (डॉल्बीच्या दाबलेल्या स्वरूपात) २५६ किलोबिटवर आणा. दोन तासांच्या चित्रपटाला ४.२ जीबीत एकूण ५ मेगाबिट बसतात, म्हणजे चित्रासाठी साधारण ४.६ ठेवा.

आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या, डिस्क चाचणीपुरत्या ठीक. कारखान्यात ठसा मारून बनवलेली, एका थराची डिस्क निदान ४५ टक्के प्रकाश परत फेकते, आरडब्ल्यू १८ ते ३०, त्यामुळे जुने प्लेअर गोंधळतात. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्क प्लस आर आणि मायनस आर अशा दोन प्रकारच्या असतात. डीव्हीडी प्लस आर नाकारणाऱ्या प्लेअरसाठी बर्नरची सोय असेल तर बुकटाइप (डिस्क कोणत्या प्रकारची आहे हे प्लेअरला सांगणारी नोंद) 'डीव्हीडी रॉम' करून बघा, नाहीतर सरळ मायनस आर वापरा.

हलत्या दृश्यात चित्र पुढे-मागे थरथरत असेल, तर फील्ड ऑर्डर, म्हणजे प्रत्येक चित्राच्या सम आणि विषम ओळींचा क्रम, उलटी झाली आहे. डीव्ही (डिजिटल टेपच्या) कॅमेऱ्याचं चित्रीकरण 'बॉटम फील्ड फर्स्ट' असतं. एन्कोडरमध्येही तेच निवडा.

मळलेली डिस्क पाणी आणि साबणाच्या एका थेंबाने धुवा आणि मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसलं आणि ओरखडा उठला, तर तो ट्रॅकच्या बाजूने लांबवर जातो आणि सलग इतका डेटा गेला की एरर करेक्शनलाही तो भरून काढता येत नाही.

ड्युअल लेअर (दोन थरांची) डिस्क मध्यावर एकदाच, क्षणभर थांबत असेल तर काही बिघडलेलं नाही. लेझर दुसऱ्या थरावर जातोय. ऑथरिंग करताना, म्हणजे डीव्हीडीची रचना बनवताना, लेअर ब्रेक (थर बदलण्याची जागा) दृश्य बदलतं तिथे ठेवा.