ढोल-ताशा पथकाचे टी-शर्ट छापून घेताना

नुसती ‘एम, एल, एक्सएल’ अशी यादी गोळा करू नका. प्रत्येक कंपनीचा एल वेगळा असतो. प्रत्येकाला आपला नीट बसणारा टी-शर्ट सपाट पसरून काखेखाली आडवा मोजायला सांगा. २१ इंच भरला तर छातीचा घेर ४२. हा आकडा दुकानदाराच्या तक्त्याशी जुळवा. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठे घ्या. ढोल वाजवताना खांदा मोकळा हवा, शिवाय सुती कापड धुतल्यावर आटते.

लक्ष्मी रस्त्यावर तासन्‌तास वाजवायचे, तर १८० जीएसएमचे (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचे) बायोवॉश (एन्झाइमने धुऊन गुळगुळीत केलेले) सुती उत्तम. १४०चे पांढरे घामाने आरपार दिसते. सबलिमेशन, म्हणजे उष्णतेने रंग धाग्यात मुरवणारी छपाई, फिक्या पॉलिएस्टरवरच उठते. सुतीवर स्क्रीन प्रिंट (जाळीतून शाई दाबून छपाई) करा. आधी एकच नमुना छापून दोनदा धुवा. भेगा पडल्या तर शाईला पुरेशी उष्णता मिळालेली नाही, ऑर्डर थांबवा.