चादर रोज निघते, कोपरे सुटतात? बेडशीट घेताना या चुका टाळा

रात्री छान ताणून घातलेली चादर सकाळी गोळा होऊन मधे आलेली असते आणि मग घरात कुणाला तरी ऐकावं लागतं की तू फार लोळतोस. लोळण्याचा संबंध कमीच असतो हो, चादर गादीच्या मापाची नसते. आणि नसणारच, कारण दुकानात जाऊन आपण फक्त "डबल बेडची दाखवा" एवढंच सांगतो.

डबल, क्वीन, किंग या शब्दांवर विसंबूच नका. कुणी ४ फुटी गादीला डबल म्हणतं, कुणी ६ फुटीला पण डबलच म्हणतं. बाजारात गाद्या ४८, ६०, ७२ इंच रुंद मिळतात, लांबी ७२, ७५ किंवा ७८, आणि पलंग सुताराकडून करून घेतला असेल तर रुंदी ६६ इंच पण असू शकते. म्हणून टेप घ्या आणि गादी मोजा, पलंग नाही. पलंगाची चौकट धरली की माप उगाच वाढतं.

आता सगळ्यात मोठी चूक, जाडी न मोजणं. पूर्वीची कापसाची गादी किंवा कॉयरची गादी ४-५ इंचाची असायची त्यामुळे कुठलीही चादर चालून जायची, आता ८ आणि १० इंचाच्या गाद्या घरात आल्यात पण चादरी आपण जुन्याच मापाच्या घेतोय. हिशोब सोपा आहे, रुंदीत जाडीची दुप्पट मिळवा आणि दोन्ही बाजूंना खोचायला निदान ५-६ इंच धरा, लांबीलाही तसंच. समजा गादी ७२ बाय ७८ आणि जाडी ८ इंच. रुंदी ७२ अधिक १६ म्हणजे ८८, आणि दुकानात डबल म्हणून सर्रास मिळणारी चादर असते ९० बाय १००. म्हणजे खोचायला एका बाजूला जेमतेम १ इंच उरला! ती निघणारच. इथे १०८ बाय १०८ ची लागते. तीच ९० बाय १०० ची चादर ६० बाय ७८ च्या ६ इंची गादीवर मस्त बसते, बाजूला ९ इंच आणि डोक्याला-पायाला ५ इंच खोचता येतं. म्हणजे चादर वाईट नव्हती, जागा चुकली.

गादीवर टॉपर (वरून घालायची पातळ जादा गादी) किंवा जाड प्रोटेक्टर घालत असाल तर ते घालूनच मोजा, २ इंच तिथेच वाढतात. पाकिटावर माप सेंटीमीटरमधे असेल तर २.५४ ने भागा. २७४ बाय २७४ म्हणजे आपली १०८ बाय १०८.

इलॅस्टिकवाली फिटेड घेताना तिसरा आकडा बघायचाच, ७२ बाय ७८ अधिक ८ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो आकडा खिशाच्या, म्हणजे गादीच्या कडेवरून खाली उतरणाऱ्या भागाच्या, खोलीचा आहे की एवढ्या जाडीच्या गादीला बसते असा आहे हे स्पष्ट विचारून घ्या, कारण खिसा गादीच्या जाडीपेक्षा २ इंच तरी जास्त हवा, तरच कापड खाली वळतं. इलॅस्टिक चारी बाजूंनी फिरवलेलं बघा, नुसतं कोपऱ्यात असलेलं जाड गादीवर टिकत नाही. आणि कापसाच्या मऊ गादीला फिटेड घालूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, इलॅस्टिक कोपरे आत ओढतं आणि गादीच वळते, तिथे साधी चादरच बरी.

बरेचदा फिटेड चादर घातली जाते ती पण आडवी! ७२ आणि ७८ मधे फरक ६ इंचाचाच, नजरेला कळत नाही, आडवी घातली की चौथा कोपरा काही केल्या बसत नाही. पायाकडच्या एका कोपऱ्याला आतून रंगीत दोऱ्याचा टाका घालून ठेवा, काम झालं.

मुलं परदेशी असतील तर तिकडून सेट येतात. अमेरिकेतली किंग ७६ बाय ८० ची, आपल्या ७२ बाय ७८ वर ती ढिली पडते, शिवाय तिकडच्या गाद्या जाड म्हणून खिसा बऱ्याचदा १४-१५ इंच खोल, त्यामुळे ६ इंची गादीवर नुसता घोळ होतो. क्वीन मात्र ६० बाय ८० असते, आपल्या ६० बाय ७८ वर चालून जाते. इंग्लंडची किंग तर ५ फुटीच असते, ६ फुटी पलंगाला तिकडची सुपर किंग सांगा.

सुती चादर धुतल्यावर आटते हे धरूनच माप घ्या. १०० इंचाला ३-४ इंच सहज जातात, त्यामुळे अगदी काठोकाठ माप घेऊ नका.

आणि घेऊन झालीच असेल तर? ढिल्या फिटेडला गादीखालून क्लिपवाले इलॅस्टिकचे पट्टे लावा, नाहीतर टेलरकडून कोपरे आत घेऊन घ्या. साधी चादर आखूड पडत असेल तर दोन्ही बाजूंना ८-१० इंचाची सुती पट्टी जोडा, ती खोचलेल्या भागात लपते. चादर सॅटिनची किंवा मायक्रोफायबरची असेल तर ती मापाची असूनही घसरते, तिथे साधं सुती कापड जास्त धरून राहतं. पलंगाचं माप अगदीच वेगळं असेल तर रेडीमेडच्या मागे न लागता १०८ इंच पन्ह्याचं सुती कापड ३ मीटर घ्या, आधी धुऊन वाळवा, मग टेलरला गादीची लांबी, रुंदी, जाडी तिन्ही मापं कागदावर लिहून द्या.