कमरेला शस्त्र, गावाच्या नजरेआड: परवान्यापासून होल्स्टरपर्यंत

स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल बाळगायचं असेल, तर ते कुणाला दिसता कामा नये. आपल्या देशात हा नुसता सल्ला नाही, नियम आहे. शस्त्र नियम, २०१६ मधला ३२वा नियम सांगतो की सार्वजनिक जागी हँडगन (रिव्हॉल्व्हर, पिस्तूल) अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये, म्हणजे शस्त्राच्या म्यानात, किंवा पाठीवरच्या पिशवीसारख्या साधनातच न्यायची, ती पूर्ण झाकलेली हवी आणि तिच्यावर तुमचा ताबा हवा. चारचौघांत शस्त्र परजलं तर परवाना जाऊ शकतो.

आपल्याकडे गाडी नेमकी उलटी चालते. लायसन हातात पडायचा अवकाश, पानठेल्यावर शर्ट वर करून दाखवणं सुरू. मग तालुकाभर बोभाटा होतो की अमक्याच्या कमरेला ‘सामान’ असतं. ज्याला तुमचं वाईट करायचं आहे तो तयारीनं येतो, नाहीतर तुम्ही नसताना घर फोडून शस्त्रच नेतो. लायसन मिळाल्याचे पेढे वाटू नका. घरातल्या मोठ्यांना ठाऊक असावं, ठाण्यात नोंद असावी. बास.

आधी गरज पारखा

गावात बंदुकीचा विषय निघतो तो बहुतेकदा जागलीवरून. हरभऱ्यात रानडुकरं, तुरीत रोही (नीलगाय), आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे किंवा टिपेश्वरच्या बाजूला वाघाची भीती. यांपैकी कशालाही .३२ बोरचं (बोर म्हणजे नळीच्या आतलं माप) रिव्हॉल्व्हर हे उत्तर नाही. रात्री, बॅटरीच्या उजेडात, धावत्या डुकरावर हँडगनची गोळी लागणं कठीण, आणि लागलीच तर जखमी डुक्कर थेट अंगावर येतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ प्रमाणे स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूनं जनावर मारलं गेलं तर तो गुन्हा होत नाही. पण पिकासाठी मारायचं असेल तर वन खात्याची परवानगी लागते. वाघ-बिबट दिसला तर १९२६ हा वन खात्याचा क्रमांक फिरवा आणि जागलीला एकटे जाऊ नका. कमरेच्या पिस्तुलापेक्षा हे दोन उपाय जास्त कामाचे.

हँडगनची खरी गरज कुणाला असते? रोख रक्कम घेऊन आडमार्गानं फिरणारा संत्र्याचा व्यापारी, सराफ, पेट्रोलपंपवाला, जमिनीच्या वादात ज्याला उघड धमक्या आल्या आहेत असा माणूस. नियमांची भाषाही साधारण हीच आहे: धंदा, पेशा, नोकरी किंवा अन्य कारणानं जीव किंवा मालमत्ता राखण्याची खरी गरज. धमकी आली असेल तर प्रत्येक वेळी ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ‘मला भीती वाटते’ या वाक्यापेक्षा पोचेचे तीन कागद अर्जाला जास्त वजन देतात.

कोणतं शस्त्र मागता यावरही बरंच ठरतं. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये दोन वाटा आहेत. किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक (आपली बारा बोर) संरक्षणासाठी, किंवा ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीक राखणीसाठी मागितली, तर कायद्याचा कल परवाना देण्याकडे आहे. हँडगनसाठी मात्र सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. वावरातल्या घराची राखण हाच हेतू असेल तर बारा बोर मागा. ती झाकून बाजारात नेता येत नाही, हेही एका परीनं बरंच.

अर्ज

परवाना देणारा अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. नागपूर आणि अमरावती शहरांच्या हद्दीत पोलीस आयुक्त. वय किमान २१ हवं. अर्ज नमुना ए-१ मध्ये, सोबत ओळख, वय आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, मानसिक-शारीरिक तंदुरुस्तीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याची हमी आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. अर्जाची नोंद ऑनलाइन होते आणि परवान्याला यूआयएन नावाचा एकमेव क्रमांक मिळतो. जिल्हा कचेरीत पहिली खेप मारण्याआधी गृह शाखेतून कागदांची ताजी यादी आणा. एका कागदावाचून परत फिरणं म्हणजे बसचं भाडं आणि दिवसाची मजुरी, दोन्ही गेलं.

मग ठाण्याकडून चौकशी होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं जातं, जुने गुन्हे पाहिले जातात. धुऱ्याच्या (बांधाच्या) भांडणातला एखादा अदखलपात्र गुन्हा असेल तर तो लपवू नका. तो निघतोच, आणि लपवल्याचं पाप भांडणापेक्षा मोठं ठरतं. नकार आलाच तर कारणं लेखी मागा. केवळ जमीनजुमला कमी आहे म्हणून परवाना नाकारता येत नाही, असं कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. अल्पभूधारकांना हे कुणी सांगत नाही. नकाराविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येतं, मुदतीत केलं तर.

विदर्भात आणखी एक अट आडवी येते आणि ती बहुतेकांना अर्ज अडकल्यावर कळते. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते, आणि तिथल्या जुन्या परवानाधारकांनाही वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ खाली नोंदणी करावी लागते. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच लागू. ताडोबा-अंधारी, बोर, टिपेश्वर, उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा, मेळघाट अशी नकाशावर दहा-दहा किलोमीटरची वर्तुळं काढली तर किती गावं आत येतील ते बघा. तुमचं गाव आत असेल तर अर्जासोबतच या संमतीचा विषय काढा. आणि परवाना असला तरी शस्त्रासह अभयारण्यात शिरायला वेगळी परवानगी लागते. जंगलातून जाणारा जवळचा रस्ता त्या दिवशी सोडून द्या.

घेताना आणि शिकताना

एका माणसाला आता दोनच शस्त्रं बाळगता येतात. २०१९ च्या दुरुस्तीआधी ती तीन होती. त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. ९ मिमी बोर सामान्य नागरिकाला मिळत नाही; .३२ मिळतो. भद्रावती, भंडारा, अंबाझरी अशा आयुध निर्माण्या आपल्या दाराशी आहेत, पण नागरिकांसाठीचं सरकारी कारखान्यातलं .३२ रिव्हॉल्व्हर येतं ते कानपूरहून. परवानाधारक दुकानातूनच घ्या, पावती ठेवा आणि शस्त्राचा क्रमांक परवान्यावर चढवून घ्या. काडतुसंही परवान्यावर लिहिली असतील तेवढीच.

राज्याच्या सीमेपलीकडून येणाऱ्या देशी कट्ट्याबद्दल (चोरून बनवलेल्या गावठी पिस्तुलाबद्दल) एवढंच: विनापरवाना शस्त्र सापडलं तर किमान दोन, कमाल पाच वर्षं कैद. शिवाय तो फुटला तर पहिला हात तुमचाच.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, यावर पानठेल्यावर तासभर वाद रंगतो. क्वचित हाताळणाऱ्यासाठी माझं मत रिव्हॉल्व्हरच्या बाजूनं आहे. चक्र उघडलं की भरलेलं आहे की रिकामं ते डोळ्यांना दिसतं. पिस्तुलाची मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढली तरी नळीत एक काडतूस राहू शकतं, आणि ‘रिकामंच होतं’ म्हणत सुटलेल्या गोळ्या तिथूनच सुटतात.

प्रमाणपत्रापुरतं प्रशिक्षण उरकू नका. दर काही महिन्यांनी मान्यताप्राप्त रेंजवर जाऊन सराव करा. वावरात बाटल्या मांडून नव्हे. सपाट शिवारात चुकलेली गोळी पलीकडच्या मचाणापर्यंत सहज जाते. चार सवयी हाडात मुरल्या पाहिजेत: प्रत्येक शस्त्र भरलेलं समजायचं, नळी माणसाकडे करायची नाही, मारायचं ठरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही, आणि निशाण्याच्या मागं काय आहे ते पाहायचं.

रोज जवळ बाळगताना

पायजम्यात किंवा पँटीत नुसतं खोचणं बंद. चाप पूर्ण झाकणारा, शस्त्राच्या मापाचा, वरून बटणपट्टी असलेला होल्स्टर घ्या. तो रुंद, कडक पट्ट्यावर बसवा. ढिल्या पट्ट्यावर तो लोंबतो आणि शर्टाआडून फुगवटा दिसतो. शर्ट सैल, गडद, पँटीबाहेर आणि कमरेखाली वीतभर हवा. पांढऱ्या पातळ शर्टातून एप्रिलच्या घामात सगळं दिसतं. घरी आरशासमोर वाका, बसा, हात वर करा, फटफटीवर बसल्यासारखे पुढे झुका. कुठं दिसतं ते तिथंच कळेल.

फटफटीच्या डिक्कीत किंवा हँडलला लटकवलेल्या थैलीत शस्त्र ठेवू नका. गाडी चोरीला गेली की तेही गेलं, आणि नियमाला हवा असलेला ताबा तुमच्याकडे नव्हताच. डवरणी, फवारणी, ट्रॅक्टर ही कामं असतील त्या दिवशी ते घरी कुलपात राहू द्या. वाकून-वाकून काम करताना पट्टी सुटते, आणि फवारणीचं औषध व घाम लोखंड खातात. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी रिकामं करून कोरड्या फडक्यानं पुसा, तेलाचा हलका हात फिरवा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवू नका, ओल धरतो.

कुठं न्यायचं नाही, तेही परवान्याच्या अटींत असतं: जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार. चैत्रात चंद्रपूरची महाकाली यात्रा असो, शेगावची पालखी असो की गावचा पोळा, शस्त्र घरी. वरातीत हवेत बार काढणं हा २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दारू प्यायची असेल त्या दिवशी तर प्रश्नच नाही.

नाकाबंदीत पोलिसांनी थांबवलं तर गाडी बंद करा, हात हँडलवर ठेवा आणि आधी तोंडानं सांगा, “साहेब, माझ्याकडे परवान्याचं शस्त्र आहे, उजव्या कमरेला. लायसन खिशात आहे, काढू का?” न सांगता कमरेकडे हात नेऊ नका. मूळ परवाना नेहमी सोबत हवा, आणि तो तुमच्या जिल्ह्यापुरता आहे की राज्यभर चालतो, ते वाचून ठेवा. वर्ध्याचा माणूस पांढुर्ण्याला गेला की राज्य बदलतं.

गोळी कधी

भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं खासगी बचावाची आहेत. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा प्रसंगी समोरच्याचा मृत्यू होईपर्यंत बचावाचा हक्क जातो. मालमत्तेसाठी तो फार अरुंद आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर सूर्योदयाआधीची घरफोडी, राहतं घर किंवा माल ठेवायची इमारत पेटवणं, किंवा जिथं जिवाचीच भीती आहे अशी चोरी. सोयाबीनची पोती घेऊन पळणाऱ्या चोराच्या पाठीवर गोळी झाडली तर तुरुंगात तुम्ही जाल. उघड्या वावरातली गंजी कुणी पेटवली तर जीव तुटतो, वर्ष बुडतं. पण कलमातले शब्द इमारत, तंबू किंवा जहाज असे आहेत. गंजी त्यात बसत नाही. पोलिसांना बोलवायला वेळ होता, किंवा गरजेपेक्षा जास्त इजा केली, तर कलम ३७ तुमचा हक्क काढून घेतं.

नुसता धाक दाखवायला शस्त्र काढू नका. धुऱ्यावरच्या भांडणात भावकीसमोर काढलेलं रिव्हॉल्व्हर म्हणजे धमकीचा गुन्हा, आणि परवानाही गेला.

गोळी झाडावी लागलीच तर धोका टळताच शस्त्र होल्स्टरमध्ये परत. ११२ वर फोन करा, पोलीस आणि रुग्णवाहिका दोन्ही मागा. जखमी माणूस शत्रू असला तरी रक्त थांबवायचा प्रयत्न करा. रिकामी काडतुसं उचलू नका, जागा सोडू नका. पोलीस आले की शस्त्र ताब्यात द्या, पंचनाम्यात त्याची नोंद पाहा आणि सविस्तर जबाबाआधी वकिलाला बोलवा.

घरी असताना

शस्त्र आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत. किल्ली देवघरात नको, कारण पोरांना ती जागा पहिली ठाऊक असते. शस्त्र कुणाला उसनं द्यायचं नाही, सख्ख्या भावालाही नाही. आणि एक गोष्ट आपल्या भागात स्पष्ट बोलायलाच हवी. नापिकी, कर्ज, घरातला कुणी गप्प-गप्प राहू लागला, जेवेना, झोपेना, तर त्या दिवसांत शस्त्र घराबाहेर काढा. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात ते सुरक्षित ठेवीसाठी देता येतं, पावती मिळते, नंतर परत घेता येतं. तो माणूस तुम्ही स्वतः असाल तरीही. सोबत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करण्याचा आदेश आला तर मुदतीत जमा करा आणि पावती जपा. शस्त्र हरवलं तर त्याच दिवशी ठाणं गाठा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या दोन महिने आधी द्या. मुदत संपलेल्या परवान्याचं शस्त्र हे विनापरवानाच.

आजोबांची बारा बोर अजून माळ्यावर असेल तर तिचाही निकाल लावा. परवानाधारक वारला की ती बंदूक घरात ठेवण्याचा हक्क कुणालाच उरत नाही. ती ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा असतो. आजोबा हयात असतील आणि वय ७० झालं असेल, किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तर ते हयातीतच वारसाच्या नावे करायला अर्ज देऊ शकतात. हे काम त्यांची सही चालते आहे तोवर उरका.